दुर्मिळ हस्तलिखितांचे भव्य दर्शन

"मधला ‘प्र’ कुठे गेला?" असं पहिल्यांदा कोकिळाने विचारलं.

पितांबर कोठावदे मोठ्या उत्साहाने बायकोला, कोकिळाला, मोबाइलवरचा फोटो दाखवत होता. ज्ञानतापी ग्रंथालयाच्या फाटकावर त्याच संध्याकाळी त्याने फ्लेक्स लावून घेतला होता. त्यावर असायला हवं होतं, ‘दुर्मिळ मध्ययुगीन हस्तलिखितांचे भव्य प्रदर्शन’. पण अक्षरं पुन्हा पुन्हा मोठी करून पाहिली तरी त्यावर ‘भव्य दर्शन’ असंच लिहिलेलं होतं. खाली एका पोथीतला निळा घोडा होता. फ्लेक्स करणाऱ्या अतिकला तो घोडा फार आवडला, म्हणून त्याने तो फूटभर मोठा केला आणि भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाला त्यांच्या डोक्यामागे जी सोनेरी किरणं टाकतो, ती घोड्याच्या डोक्यामागेही टाकली.

पितांबरने अतिकला फोन लावला. अतिकने शांतपणे सांगितलं, "सर, फॉन्ट बदलला की जोडाक्षरं उडतात. तुमचं एकच उडालं. मागच्या महिन्यात एका प्राचार्यांचा ‘प्रा’ उडाला होता. दिवसभर सत्कार ‘चार्य’ म्हणून झाला, पण ते काही बोलले नाहीत." दुरुस्ती करून देतो, पण लग्नसराईचं काम आहे, सोमवारी देतो, असं तो म्हणाला. प्रदर्शन रविवारी होतं.

पितांबरने विचार केला आणि विषय सोडून दिला. येऊन येऊन येणार कोण? वरच्या मजल्यावरच्या हस्तलिखित विभागाचा तो प्रमुखही होता आणि शिपाईही. लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्यांनी भरलेली कपाटं, त्यातला वेखंडाचा वास आणि खिडकीतून दिसणारी पांझरा नदी एवढ्यांच्या सोबतीत त्याची नोकरी चालली होती. जिना चढून जो कोणी येई, तो बहुधा स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारायला येई.

खाली मात्र पाय ठेवायला जागा नसे. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करत. ग्रंथालयाचे कार्यवाह अभिमन आबा बोरसे यांचं म्हणणं असं की वरच्या खोलीत अभ्यासिका करावी आणि ती लाल गाठोडी पुण्याच्या एखाद्या मोठ्या संस्थेला देऊन टाकावी. आबा काही वाईट माणूस नव्हते. पायरीवर डुलक्या घेणाऱ्या पोरांकडे पाहिलं की पितांबरलाही आबांचं म्हणणं पटे, आणि मग रात्री झोप लागत नसे. शेवटी त्याने एक संधी मागून घेतली. एक प्रदर्शन भरवतो, विश्वस्तांनी येऊन पाहावं आणि मग ठरवावं. आबांनी ते मान्य केलं, कारण प्रदर्शनाला कोण येणार याबद्दल त्यांचं आणि पितांबरचं मत अगदी एक होतं.

रविवारी सकाळी पितांबर गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याला चपला दिसल्या. फाटकापासून शेजारच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चपलाच चपला. त्यांच्यापुढे अनवाणी माणसांची रांग. गिरणीच्या ओट्यावर एक बाई झेंडूच्या माळा आणि नारळ घेऊन बसली होती. फ्लेक्सचा फोटो कोणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, तिथून तो भजनी मंडळांच्या ग्रुपवर गेला आणि पार साक्री तालुक्यापर्यंत पोचला. पिंपळनेरहून पुष्पाबाईंचं भजनी मंडळ गाडी करून, टाळ घेऊन आलं होतं.

पितांबरने धावत वर जाऊन काचपेट्यांची झाकणं तपासली, पांढरे सुती हातमोजे चढवले, तोंडाला मास्क लावला आणि तो जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला. त्याला पाहताच रांगेतल्या पुढच्या बायांनी हात जोडले. एकीने दुसरीला सांगितलं की पुजारी आला.

आपण पुजारी नाही हे सांगायला त्याने तोंड उघडलं, पण त्याचं लक्ष पुष्पाबाईंच्या ताटाकडे गेलं. ताटात कापूर, उदबत्ती, कुंकू, तेलाची वाटी आणि काडेपेटी होती. कागदाला या जगात जितके शत्रू आहेत, तेवढे सगळे त्या एका ताटात मांडलेले होते.  पितांबरने एका दमात सांगितलं की वर धूर चालणार नाही, दिवा चालणार नाही, कुंकू, पाणी, फुलं काहीही चालणार नाही. हात साबणाने धुऊन, पुसून, कोरडे करूनच वर यायचं आणि काचेला कोणी हात लावायचा नाही. कागद पाचशे वर्षांचा आहे, हाताचं तेल लागलं तरी तो काळा पडतो, ओल लागली तर कसरीची कीड लागते.

पुष्पाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रांगेकडे वळून त्या म्हणाल्या, "देव कडक सोवळाना शे. बठ्ठ्या जणी हात धोवा, पुसा, मंगच वर चढा."

आणि काय सांगावं, सगळ्या म्हणजे बठ्ठ्या जणींनी हात धुतले. मागच्या पुरुषांनीही धुतले. विद्यापीठातून येणाऱ्या संशोधकांना पितांबर वर्षानुवर्षं हात जोडून सांगत आला होता की अंगठ्याला थुंकी लावून पान उलटू नका. एकानेही कधी ऐकलं नव्हतं. इथे माणसं तळहात वर धरून, श्वास रोखून जिना चढत होती. माळा, नारळ, गुळाचे खडे सगळं खाली फाटकाजवळ कडुनिंबाखाली ठेवायला सांगितलं होतं, तिथे बघता बघता रास झाली.

पेट्यांत बऱ्याच पोथ्या होत्या. एक पंचांगाची होती, एक वैद्यकाची, एक कोण्या देशमुखाच्या वतनाची नक्कल. पण लोक थांबत ते निळ्या घोड्यापाशी. पितांबरने प्रत्येक पेटीशी माहितीचं कार्ड ठेवलं होतं. त्या कार्डांवर तो महिनाभर राबला होता. ती कोणी वाचली नाहीत. एका म्हाताऱ्याने मात्र घोड्याचं कार्ड उचलून कपाळाला लावलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं. घोडा म्हणजे खंडेराव, हे रांगेने आपसात केव्हाच ठरवून टाकलं होतं.

एवढ्यात अभिमन आबा आले. स्वतःच्याच ग्रंथालयात त्यांना रांगेतून जावं लागलं आणि मधेच एका बाईने त्यांना चपला काढायला लावल्या. वर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर गंध होतं आणि चेहऱ्यावर आश्चर्य. त्यांनी पितांबरला बाजूला घेऊन विचारलं की हे सगळं कसं काय जमवलं. पितांबरने खरं सांगायचा प्रयत्न केला, पण आबांचं लक्ष नव्हतं. ते तिथूनच अध्यक्ष नानांना फोन लावून सांगत होते की आपण हा जो कार्यक्रम ठेवला आहे, त्याला अख्खा जिल्हा लोटलाय, तुम्ही लवकर निघा.

मग जे व्हायचं होतं तेच झालं. पुष्पाबाई दर्शन घेऊन हलेनात. त्यांनी विचारलं की इतक्या लांबून आलो, तर पोथीतलं थोडं वाचून दाखवाल का. मागून आणखी बायांनी तेच म्हटलं. जिन्यावरून, खालून, सगळीकडून तेच. टाळ वाजायचे थांबले.

 त्या खोलीत पितांबरखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं की पोथी खंडेरावाची नाही. ती होती घोड्यांच्या दुखण्यांची. कुठल्याशा किल्ल्याच्या पागेसाठी कोणा जाणकाराने लिहिलेली, खोकला, खरूज, खुरांचे आजार आणि त्यावरचे उपाय सांगणारी.

आबा त्याच्या कानाशी आले. "दोन ओव्या म्हणून टाका देवाच्या. कोणाला कळतंय? नाना निघालेत."

ते सोपं होतं. पितांबरला दोन काय, शंभर ओव्या पाठ होत्या. लोक आनंदाने घरी गेले असते, पोथ्या पुण्याला गेल्या नसत्या आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. त्याने ओवी म्हणायला श्वासही घेतला. पण समोर पुष्पाबाई ओचा सावरून, डोळे मिटून खाली बसल्या होत्या, आणि त्यांच्यामागे सगळ्या रांगेने डोळे मिटले होते. या पोथीचं वाचन ऐकायला आजवर इतकी माणसं कधी बसली नव्हती. पहिल्यांदा बसली, तर त्यांना दुसरंच काहीतरी ऐकवायचं? त्याला ते जमेना. त्याने काच उचलली आणि पान उघडं होतं तिथूनच वाचायला सुरुवात केली.

"घोडें चारा न खाय, कान पाडूनि उभें राहे, तयाचे दांत पाहावे, पोट पाहावें. मग संगत पाहावी. एकलें बांधिलें घोडें जेवीना."

 पुष्पाबाईंनी डोळे उघडले.

"हाई देवनी पोथी नही का?"

"नाही अक्का. घोड्यांच्या आजारांची पोथी आहे. पाचशे वर्षांपूर्वीची. बोर्डावर चूक झाली आणि मी ती सुधारली नाही." एवढं बोलून पितांबरने मान खाली घातली. आबांनी डोळे मिटून घेतले.

पुष्पाबाईंनी त्या निळ्या घोड्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ज्यानी लिखी, त्याले मुक्या जीवनी दया व्हती?"

"हो. ती तर पानोपानी आहे."

"मंग डोकं टेकं त्यात काय चुकनं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा एकदा नमस्कार केला आणि उठताना मागच्या बाईला सांगितलं की ओळीने ये, ढकलू नको. रांग जशी होती तशी पुढे सरकू लागली. फरक एवढाच पडला की आता लोक प्रश्न विचारायला लागले. बैलाचं काही आहे का? दूध आटलेल्या म्हशीचं? पितांबर एका पेटीकडून दुसऱ्या पेटीकडे पळत होता आणि त्याच्या आयुष्यात इतका आनंद त्याला क्वचितच झाला होता.

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस वाट काढत वर आला. खाजाभाई त्याचं नाव. लग्नात नवरदेवाला बसवायला घोडी देण्याचा त्याचा व्यवसाय. तो दर्शनाला आलाच नव्हता. फाटकावर एवढा मोठा घोडा पाहून, इथे घोड्यांचा कोणी जाणकार बसतो की काय, असं समजून शिरला होता.

"साहेब, ते परत वाचा," तो म्हणाला. "एकलं घोडं जेवत नाही, ते."

पितांबरने परत वाचलं. खाजाभाई तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची सितारा नावाची घोडी कित्येक दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली, रोग काही सापडला नाही. तिची जोडीदारीण त्याने दोंडाईच्याला आपल्या भावाकडे, नसीमकडे पाठवली होती, आणि सगळं सुरू झालं ते त्यानंतर. दोन गोष्टींचा संबंध असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

घोडीला इथेच आणू का, असं खाजाभाईने विचारलं, तेव्हा काही गरज नाही, असं पितांबरने स्पष्ट सांगितलं. पण पुष्पाबाई म्हणाल्या, "लई या ना तिले भाऊ. इतलं माणूस जमेल शे," आणि घोडीला घेऊनच ये, हे रांगेने उचलून धरलं.

संध्याकाळच्या वरातीसाठी सिताराला आधीच सजवलेलं होतं. डोक्यावर तुरा, अंगावर जरीची झूल, पायांत घुंगरं. ती तशी मान खाली घालून गल्लीत शिरली आणि खालच्या लोकांनी, ज्यांच्यापर्यंत वरचा खुलासा पोचला नव्हता, खंडेरावाचा घोडा आला म्हणून एकच जयजयकार केला. टाळ सुरू झाले. अभ्यासाला बसलेली पोरं पुस्तकं मिटून खिडक्यांत आली. आणि बरोबर त्याच वेळी घोडीच्या मागे विश्वस्तांची गाडी येऊन अडकली.

हॉर्न वाजवून उपयोग होईना, तेव्हा अध्यक्ष नाना गाडीतून उतरून चालत निघाले. आबा गर्दीतून हार घेऊन धावले आणि त्यांनी तो तिथेच, घोडीच्या बाजूला, नानांच्या गळ्यात घातला. सितारा तोवर कडुनिंबाखालच्या राशीकडे पाहत उभी होती. बायका तिच्या मानेवरून, पाठीवरून हात फिरवत होत्या, पोरं कपाळ खाजवत होती. तिने एकदा फुर्र केलं, मान वळवली आणि नानांच्या छातीवरचा झेंडूचा हार सावकाश ओढून खायला लागली.

आबांनी हार दुसऱ्या टोकाने धरून ठेवायचा प्रयत्न केला. नाना मात्र हलले नाहीत. ते लहानपणी तापीकाठी घोड्यांत वाढलेले, घोड्याच्या तोंडात काही असताना ओढाताण करू नये हे त्यांना ठाऊक होतं. हार संपवून सिताराने राशीत तोंड घातलं. माळा खाल्ल्या, गूळ खाल्ला. खाजाभाई तिच्या मानेला धरून रडत होता आणि मधूनमधून लोकांना सांगत होता की खातेय, खातेय.

पितांबर पायरीवर उभा राहून ओरडत होता, "हा चमत्कार नाही, तिला सोबत मिळाली एवढंच आहे."

"तेच ते सांगी राहिनी ना पोथी," पुष्पाबाई खालून म्हणाल्या.

विश्वस्तांची सभा आबांच्या खोलीत झाली. बाहेर अजून रांग होती. नानांच्या सदऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, त्या त्यांनी झटकल्या नाहीत. पोथ्या इथेच राहतील, असं त्यांनी बसता बसताच सांगितलं. महिन्यातून एक रविवार हे असं ठेवा आणि पितांबररावांनी वाचून दाखवावं. आबांनी हळूच आठवण करून दिली की मग अभ्यासिकेचा प्रश्न तसाच राहतो.

नानांनी खोलीत नजर फिरवली. प्रशस्त खोली, दोन बाजूंनी खिडक्या, गार हवेचं यंत्र आणि एक टेबल. "आबा," ते म्हणाले, "ही खोली काय वाईट आहे?"

पुढच्याच आठवड्यात तिथे बाकं आली आणि पायऱ्यांवरची पोरं आत बसली. आबांचं टेबल वर गेलं, पितांबरच्या टेबलासमोर, पोथ्यांच्या दोन कपाटांच्या मधे. पहिले काही दिवस त्यांनी वेखंडाच्या वासाची तक्रार केली. मग एका दुपारी, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, त्यांनी वतनाच्या नकलेचं कार्ड वाचलं आणि हा देशमुख आमच्याच गावचा दिसतो की, असं म्हणून खुर्ची जवळ ओढली. खाजाभाई मधेच येऊन सांगून गेला की नसीमने दुसरी घोडी परत धाडली आणि आता दोघी मिळून इतकं खातात की चारा पुरत नाही.

त्यानंतर एका सकाळी अमळनेरहून एक जोडपं आलं. प्रेमराज महाजन आणि त्यांची बायको कुंदाबाई, दोघंही सत्तरीच्या घरातली. कुंदाबाईंच्या मांडीवर लाल रेशमी कापडात बांधलेलं गाठोडं होतं. ही पोथी त्यांच्या देवघरात कुंदाबाईंच्या सासऱ्यांच्या आजोबांपासून होती. रोज पूजा होई, सणावाराला नैवेद्य दाखवला जाई, पण गाठ कोणी सोडली नव्हती. तुम्ही पोथ्या वाचून सांगता असं कळलं, तर यात कोणता देव आहे तेवढं सांगा, असं प्रेमराजभाऊ म्हणाले.

पितांबरने हातमोजे चढवले. आबाही उठून जवळ आले. गाठी घट्ट बसल्या होत्या, त्या सुटायला वेळ लागला. आतली पानं मात्र सुरेख राहिली होती, अक्षर मोत्यासारखं. पितांबरने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि तो परत पहिल्यावर आला. आबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी दोन ओव्या म्हणून टाका, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त कुंदाबाईंना पाणी दिलं.

"भाऊ, ही देवाची पोथी नाही," पितांबर म्हणाला. "स्वयंपाकाची आहे. कोणता पदार्थ कसा करावा, ते लिहिलंय."

 प्रेमराजभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कुंदाबाई म्हणाल्या की त्यातलं एखादं वाचा तरी.

पितांबरला वांग्याचं भरीत सापडलं. वांगं निखाऱ्यावर भाजावं, साल काढावी, वरून तेल, हिंग, मिरे आणि मीठ घालून मळावं, असं साधंसुधं लिहिलं होतं. कुंदाबाई कान देऊन ऐकत होत्या. भरीत म्हटल्यावर त्या जरा पुढे सरकल्या.

"आन मिरची?"

"मिरची नाही अक्का. हे लिहिलं तेव्हा आपल्याकडे मिरची आलेलीच नव्हती. मिरच्या परदेशातून आल्या, नंतर."

कुंदाबाईंनी पोथीकडे पाहिलं. तिला दाखवला जाणारा त्यांच्या घरचा नैवेद्य अख्ख्या गल्लीत झणझणीत म्हणून प्रसिद्ध होता. त्यांनी पदराने पोथीच्या वरच्या लाकडी फळीवरची धूळ अलगद टिपली. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"मंग इतला वरीस आमनं तिखट त्यानी कसं खादं व्हई?"

आबा हसायला लागले, मग प्रेमराजभाऊ हसले आणि शेवटी कुंदाबाईंनाही हसू आवरेना. डोळे पुसत त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"पुढलं वाचा," त्या म्हणाल्या.